ताईची चाल

इमारतींचे आराखडे शिकवणाऱ्या एका कॉलेजात एक बाई होत्या. मुलं त्यांना पाठीमागे ‘उतारमॅडम’ म्हणायची. कुणी कितीही देखणा आराखडा पुढे ठेवला, तरी मॅडम चष्मा कपाळावर सरकवून आधी एकच विचारायच्या, “छान आहे. पण चाकाच्या खुर्चीवरचा माणूस आत कसा येणार? उतार कुठाय?” हे नाव मॅडमच्या कानावर आलेलं होतं. “वयही उताराला लागलंय, दोन्हीकडून बसतं,” असं त्या स्टाफरूममध्ये स्वतःच सांगून हसायच्या.

सगळ्यांना वापरता येतील अशा इमारती, हा त्यांचा विषय. मुलं आकडे पाठ करायची. दार किती रुंद, कठडा किती उंच, उताराला किती लांबी. परीक्षेत धडाधड लिहायची आणि पेपर झाला की विसरायची. एका पठ्ठ्याने इस्पितळाच्या आराखड्यात उतार काढला आणि तो थेट फुलांच्या वाफ्यात नेऊन सोडला. मॅडमनी विचारलं तर म्हणतो, “मॅडम, उतार द्या म्हणालात, दिलाय की!”

त्या दिवशी मॅडम घरी आल्या त्या धुसफुसतच. घरी होती त्यांची थोरली बहीण, ताई. आईवडील गेल्यापासून दोघीच राहत. ताईच्या स्नायूंना तरुणपणीच दुखणं लागलं होतं. दरवर्षी ते थोडं थोडं पुढे सरके. घरात ती काठी आणि भिंत धरून चालायची, बाहेर जायचं तर चाकाची खुर्ची. पण डोळा असा तीक्ष्ण की छापखान्यातून तिच्याकडे पुस्तकांची प्रुफं तपासायला यायची आणि तिच्या हातून वेलांटीसुद्धा निसटायची नाही. जीभही तशीच. मॅडमनी ते घर तिच्यासाठी डोळ्यांत तेल घालून बदलून घेतलं होतं. दारं रुंद केली, उंबरे काढले, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले. ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “या घरात पडायचं म्हटलं तरी सोय नाही हो.”

वाफ्यातल्या उताराची गोष्ट ऐकून ताई खो खो हसली. मग म्हणाली, “त्यांना सांगून काय उपयोग? एकदा चालू दे माझ्यासारखं.”

मॅडमच्या डोक्यात ते घट्ट बसलं. कॉलेजातल्या संगणकवाल्या सरांना फावल्या वेळात व्हिडिओ गेम बनवायचा नाद होता. मॅडमनी त्यांना गाठलं. ठरलं असं, की प्रत्येकाने आपला आराखडा गेममध्ये घालायचा आणि त्यातल्या एका बाईला दारापासून शेवटच्या खोलीपर्यंत न्यायचं. पायरी उंच असेल तर ती अडेल, उतार तीव्र असेल तर घसरेल, दार अरुंद असेल तर अडकेल. नीट पोचली तर गुण.

“पण चाल खरी हवी,” सर म्हणाले. “नुसती कल्पनेने केली तर बाहुलीसारखी दिसेल.”

ताई हौसेने तयार झाली. सर घरी आले, तिच्या गुडघ्यांवर, कोपरांवर, खांद्यांवर पट्ट्या बांधून त्यांनी चकाकते ठिपके लावले आणि तिला दिवाणखान्यात चालायला लावून कॅमेऱ्यांनी टिपलं. “लग्न झालं असतं तर तेव्हाही मला एवढं कुणी नटवलं नसतं,” ताई म्हणाली. दमली तरी थांबेना. “आता वळून दाखवते. आता काठी न घेता.” मॅडम कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. इतक्या वर्षांत ताईला कुणासमोर मुद्दाम चालताना त्यांनी पाहिलंच नव्हतं.

पडद्यावर ती चाल उमटली तेव्हा मॅडमना भरून आलं. उजवं पाऊल किंचित ओढत टाकणं, मध्येच थांबून श्वास घेणं, हाताने भिंत शोधणं, सगळं हुबेहूब होतं. चेहरा वेगळा, पण चालीवरून कुणीही ओळखलं असतं.

गेम असा चालला की विचारू नका. एरवी दांड्या मारणारी मुलं तासाच्या आधी येऊन बसायला लागली. आराखडे सुधारले. कठडे आले, विसाव्याला बाक आले, दारं मोठी झाली. प्राचार्यांनी पाठ थोपटली, दुसऱ्या दोन कॉलेजांतून विचारणा झाली. मॅडम रोज घरी येऊन ताईला सांगायच्या, “आज तू अख्खं ग्रंथालय फिरून आलीस बरं का!”

एक गोष्ट मात्र त्या सांगत नव्हत्या. ती बाई पडायची कशी, हेही सरांनी झकास केलं होतं. काठी एकीकडे, पाय दुसरीकडे, आणि शेवटी ‘धप्प’ असा आवाज. मुलांना त्याचीच चटक लागली. मुद्दाम वाकडेतिकडे जिने काढायचे आणि तिला सगळ्यात भारी कोण पाडतो बघायचं. तिचं नावही पडलं, घसरगुंडी. मॅडम एकदोनदा ओरडल्या. मुलं तेवढ्यापुरती गप्प बसली. मग मॅडमनीच कानाडोळा केला. हसतायत, पण शिकतायतही ना, असं मनाला समजावलं.

मग बाहेरून पाहुणे येणार होते म्हणून प्राचार्यांनी गेमचं प्रदर्शन ठेवलं आणि मॅडमना म्हणाले, “तुमच्या ताईंनाही बोलवा. खरा मान त्यांचा.”

ताईने ठेवणीतली साडी काढली. मॅडम तिला खुर्चीवरून घेऊन आल्या आणि दारातच प्राचार्यांनी मॅडमना काहीतरी विचारायला बाजूला घेतलं. ताई थांबली नाही. आतून हसण्याचा आवाज येत होता, तिकडे तिने स्वतःच खुर्ची वळवली.

मुलांना ती कोण ते माहीत नव्हतं. एका मुलाने अदबीने जागा करून दिली. “या मावशी, बघा गंमत. आता घसरगुंडी कशी जाते बघा हं.”

पडद्यावरची बाई जिन्याच्या तोंडाशी आली, पाऊल ओढत पुढे टाकलं, आणि गेली. धप्प. सगळी खोली हसली. कुणीतरी म्हणालं, “परत, परत!”

ताईने पुन्हा पाहिलं. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ती उठली आणि टेबलाची कड धरून पडद्याकडे चालू लागली. उजवं पाऊल ओढत. मध्येच थांबून श्वास घेत. आधी पुढची मुलं गप्प झाली, मग मधली. मागे एकटाच कुणीतरी हसत राहिला होता, त्यालाही शेजाऱ्याने कोपर मारलं.

मॅडम दारात पोचल्या तेव्हा ताई त्या मुलाला विचारत होती, “ही कुठे निघालीय?”

“म्हणजे?” त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“या इमारतीत आली कशाला ही? कुणाला भेटायचंय? काही आणायचंय?”

“तसं काही नाही. शेवटच्या खोलीपर्यंत जायचं.”

“आणि पोचल्यावर?”

“संपतो गेम.”

ताईने मान हलवली आणि म्हणाली, “बरं.” पाहुणे आले, भाषणं झाली, ताईला पुष्पगुच्छ मिळाला. तिने तो हसून घेतला.

घरी आल्यावर दार लागलं आणि मॅडम म्हणाल्या, “ताई, मी त्यांना किती वेळा ओरडले...”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

मॅडम पुष्पगुच्छ ठेवायला जागा शोधू लागल्या.

“हसले त्याचं मला एवढं नाही गं,” ताई म्हणाली. “तरुण पोरं, हसणारच. पण तू मला जन्मापासून बघतेस. मी भांडते, वाचते, लोकांच्या चुका काढते. आणि दाखवायला तुला सापडलं काय, तर पडणं?”

“तुझ्यासाठीच केलं ना सगळं? हे घर बघ. कुठल्या बहिणीने केलं असतं एवढं?”

“घरही तसंच केलंस,” ताई शांतपणे म्हणाली. “दारापासून शेवटच्या खोलीपर्यंत बिनधोक जाते मी. पुढे काय?”

मॅडमच्या जिव्हारी लागलं ते. त्या उठून आत गेल्या. थोड्या वेळाने ताईने बाहेरूनच सांगितलं, “माझी चाल काढून टाका त्यातून. मला नको आहे ती तिथे.”

मॅडम ‘हो’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सरांशी बोलल्याही. सरांनी हात टेकले. सगळा गेम त्या चालीवर उभा होता. ती काढायची तर पहिल्यापासून सुरुवात, आणि परीक्षा तोंडावर. मॅडमनी मनाशी ठरवलं, एवढं सत्र जाऊ दे. पडण्याचा भाग तेवढा त्यांनी लगेच काढायला लावला. ताईने एकदा विचारलं, “काढली?” तेव्हा मॅडम म्हणाल्या, “काम चाललंय.”

ते बिंग फुटलं एका मुलीमुळे. वर्गातली एक मुलगी माफी मागायला आपणहून घरी आली. ताईने तिला बसवलं, दोघींच्या गप्पा रंगल्या. जाता जाता मुलगी भाबडेपणाने बोलून गेली, “आता कुणी हसत नाही हो. परीक्षेसाठी रोज खेळतो आम्ही, पण तुमची चाल दिसली की सगळे गप्प होतात.”

मॅडम संध्याकाळी आल्या तेव्हा ताईने मुलीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आता ती आरडाओरडा करेल असं त्यांना वाटलं. ताईने फक्त फोन लावला. प्रुफं पाठवणाऱ्या छापखान्याची मालकीण तिची जुनी मैत्रीण. तिच्या छापखान्यामागे एक खोली रिकामी होती.

“तू तिथे राहणार?” मॅडमचा आवाज चढला. “दाराशी पायऱ्या आहेत, न्हाणीघरात खुर्ची वळत नाही, जमीन ओबडधोबड. पडशील!”

“पडेन. बाजूला माणसं असतील, उचलतील.”

“इथे मी नाही?”

“तू कॉलेजात असतेस,” ताई म्हणाली, आणि कपाटातून कपडे काढायला लागली.

ताई गेल्यावर घर खायला उठायचं. ते रुंद दार, भिंतीवरचे दांडे. मॅडमनी सरांच्या मागे लागून चाल काढायला लावली. खूप उशीर झाला होता, तरी लावली. नवा गेम निराळा होता. मुलांनी आधी खऱ्या माणसांना जाऊन भेटायचं, दिवसभरात त्यांची कामं काय ते विचारायचं, आणि गेममधल्या माणसाला तीच कामं करू द्यायची. कुणाला मित्राबरोबर चहाला बसायचं होतं, कुणाला साहेबाशी भांडायला वरच्या मजल्यावर जायचं होतं. माफी मागायला आलेली मुलगी त्यात रमली. बाकीच्यांना तो कंटाळवाणा वाटला. हजेरी घटली, दुसऱ्या कॉलेजांनी पुन्हा फोन केला नाही, आणि प्राचार्य म्हणाले, “पहिलाच बरा होता हो.” मॅडमना रात्री झोप लागेना. तो बरा होता का, याचं उत्तर त्यांना देता येत नव्हतं. आराखडे तर त्यानेच सुधारले होते.

थंडीत ताई पडली. छापखान्याच्या पायरीवरच, उजवं मनगट मोडलं. मॅडम धावत गेल्या. हाताला प्लास्टर घालून ताई कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये बसली होती आणि शाई लागलेल्या दोन बायका तिला कुठल्याशा चुकीवरून चिडवत होत्या.

“घरी चल,” मॅडम म्हणाल्या.

“नाही.”

“बरं. निदान पायऱ्यांवर उतार करू दे मला.”

ताईने मैत्रिणीकडे पाहिलं. मैत्रीण म्हणाली, “करा की. कागदाच्या हातगाड्याही आत येतील.”

मॅडमनी जागा मोजली. रस्ता लगेचच सुरू होत होता. नियमाप्रमाणे उतार बसणं शक्यच नव्हतं. वर्गात असा उतार कुणी आणला असता तर त्यांनी नापास केलं असतं. सुताराला सांगून त्यांनी तो तसाच, तीव्रच करून घेतला. बाजूने दणकट कठडा लावला आणि वर जाताना कुणीतरी मागे राहायचं, हे छापखान्यातल्या सगळ्यांना दोनदा बजावलं.

त्यानंतर मॅडम सुट्टीच्या दिवशी तिथे जायला लागल्या. ताईने त्यांना माफ केलं का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. एकदा गेल्या तेव्हा ताई डाव्या हाताने प्रुफावर खुणा करत होती. तिने मान वर न करताच स्टुलाकडे बोट दाखवलं.

“बस. एवढा सोळा पानांचा फर्मा होऊ दे, मग बोलू.”

मॅडम पर्स मांडीवर घेऊन बसल्या. आत यंत्राची धडधड चालू होती. ताईने एक पान उलटलं, मग दुसरं.