अध्यक्षांच्या दप्तराचा पंचनामा

नोकरीतली बरीच प्रकरणे मी विसरलो. खून विसरलो, दरोडे विसरलो, ज्यांच्या तपासाबद्दल बक्षिसे मिळाली तीही आता नीट सांगता येणार नाहीत. हे एक मात्र जात नाही. त्यात रक्त नव्हते, हत्यार नव्हते. चोरीला गेले होते ते नुसते जुने कागद. निवृत्तीनंतर केडगावला घर केले, सकाळी फिरायला जातो, पेपर वाचतो, आणि मध्येच ते प्रकरण आठवते. मग दिवसभर कशात लक्ष लागत नाही.

तेव्हा मी जिल्ह्याच्या दक्षिणेला, कर्जतच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एक कॉलेज होते. ज्यांनी ते काढले त्या पहिल्या अध्यक्षांना सगळा भाग 'दादा' म्हणायचा. दादा वारून काही वर्षे झाली होती. त्यांना एक सवय होती, कागद म्हणून फेकायचा नाही. आलेले पत्र ठेवायचे आणि पाठवलेल्या पत्राची नक्कलही ठेवायची. त्यामुळे गावातले लोक आपले महत्त्वाचे कागदही त्यांच्याकडेच ठेवत. घरात छपराचे पत्रे गळतात, उंदीर आहेत, भाऊबंदांचा भरवसा नाही. दादांच्या दप्तरात कागद गेला की माणूस निर्धास्त. दादांच्या मागे घरच्यांनी ते सगळे दप्तर कॉलेजच्या ग्रंथालयाला देऊन टाकले. ग्रंथपाल बाईंनी लाल फडक्यात गठ्ठे बांधून ते एका खोलीत लावले आणि यादी करायला घेतली.

एका सकाळी या बाई ठाण्यात आल्या. खोलीचा कोयंडा निघालेला, आत एक गठ्ठा शिल्लक नाही. फिर्याद लिहून घेताना ठाणे अंमलदाराला हसू आवरेना. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारी जातात, केबल जाते, मोटारसायकली जातात. कागद कोण चोरतो?

तासाभरात संस्थेच्या नव्या अध्यक्षांचा फोन आला. "साहेब, रद्दी होती ती. कशाला गुन्हा दाखल करता? कॉलेजची उगाच बदनामी."

माझा स्वभाव वाकडा. एखादी गोष्ट करू नका म्हटले की ती मी आधी करतो. मी त्याच मिनिटाला गुन्हा दाखल करायला सांगितला.

खबर आमच्या नेहमीच्या माणसाने दिली. बाजारतळाजवळ त्याचे भंगाराचे दुकान होते. चोरीची मोटार आधी त्याच्याच दारात यायची, म्हणून प्रत्येक अधिकारी त्याच्याशी गोडीने वागायचा. तो म्हणाला, "साहेब, लाल फडक्यात बांधून रद्दी कोन इकतं का? कालिजचा शिपाई आल्ता टेम्पो घिऊन. म्या म्हनलं, न्हाई बाबा, हे लफडं दिसतंय. मग त्यो नागापूरच्या गोडाऊनला गेला."

नागापूरला एमआयडीसीच्या मागच्या अंगाला एका पत्र्याच्या शेडमध्ये माल सापडला. पुठ्ठ्याच्या कारखान्यात लगद्यासाठी जायच्या तयारीत होता. दोन दिवस उशीर झाला असता तर गेलाच होता. बेचाळीस गठ्ठे मोजले. मी खूश होतो. मे महिन्याची दुपार, शेडमध्ये भट्टीसारखी आग, धुळीने सगळे खोकत होतो. दोन्ही पंच शेजारच्या वर्कशॉपमधून धरून आणलेले, त्यांची पाळी सुरू व्हायची वेळ झाली होती. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराने विचारले, "साहेब, वर्णनात काय घेऊ? एकेक कागद लिवायचा म्हनलं तर आठ दिवस लागत्यान."

मी म्हणालो, "लिही. लाल फडक्यात बांधलेले बेचाळीस गठ्ठे, आत जुने निरुपयोगी कागद."

त्याने लिहिले, पंचांनी सह्या केल्या, मी केली आणि आम्ही बाहेर येऊन उसाचा रस प्यालो.

शिपायाला दुसऱ्या दिवशी आणले. मी मारझोडीवर विश्वास ठेवणारा अधिकारी नव्हतो. संशयिताला ठाणे अंमलदाराच्या समोरच्या बाकावर बसवायचे, चहा द्यायचा आणि कोणी काही विचारायचे नाही. ठाण्यात माणसे येतात-जातात, वायरलेस वाजतो, आणि बाकावरचा माणूस आपल्या मनातच जबाब देऊ लागतो. दुपारी मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो.

"म्याच इकलं साहेब," तो म्हणाला. "खोली साफ करायची हुती."

"कोयंड्याचे स्क्रू पेचकसाने काढले होते. कुलूप लावलेलं असलं की ते स्क्रू पट्टीखाली झाकलेले राहतात. म्हणजे तू किल्लीने कुलूप काढून आत गेलास आणि चोरी वाटावी म्हणून मग स्क्रू काढलेस. किल्ली कोणी दिली?"

तो एकदम रडायला लागला. पन्नाशीचा माणूस होता. "वरून सांगितलं हुतं साहेब. कुनी ते इचारू नका. माजी नोकरी आजून परमनंट न्हाई. दोन पोरी हायत्या."

मी आणखी एक दिवस त्याला बाकावर बसवला असता तर नाव निघाले असते. पण आरोपी सापडला होता, मुद्देमाल मिळाला होता, गुन्हा उघडकीस आला होता. महिन्याच्या बैठकीत सांगायला एवढे पुरे होते. मी उठलो.

त्या आठवड्यात एक म्हातारी ठाण्यात आली. बरोबर तिची मुलगी होती, तिशीची, नागापूरला एका कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात काम करणारी. म्हातारीने आत येताच विचारले, "साहेब, दादांचं दप्तर घावलं म्हनत्यात. माजा कागद हाय का त्यात?"

तिची हकीकत अशी. कॉलेजच्या मैदानाची दोन एकर जमीन तिच्या नवऱ्याने दिली होती, फुकट. बौद्ध कुटुंब, गावातल्या त्यांच्या वस्तीत एवढी जमीन असलेले एकटेच. "मालक म्हनले, पोरं शिकत्याली. द्यून टाकली. माजी ही पोरगी त्याच कालिजात शिकली." बक्षीसपत्रात सगळा गट संस्थेच्या नावावर गेला. पण कोपऱ्यातली विहीर आणि त्यांचे घर त्यांचेच राहील, असे दादांनी सहीनिशी लिहून दिले होते. नवरा म्हणाला, दादा, हा कागद तुमच्याकडेच राहू द्या. आता नव्या अध्यक्षांना त्या कोपऱ्यात व्यापारी गाळे बांधायचे होते. संस्थेने तिला अतिक्रमण काढण्याची नोटीस दिली होती. नोटीस आली आणि पंधरा दिवसांत दप्तर नाहीसे झाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

ग्रंथपाल बाई मुद्देमाल ओळखायला आलेल्याच होत्या. प्रत्येक गठ्ठ्यावर त्यांनी दादांच्या हातची मूळ चिठ्ठी तशीच लावून ठेवली होती. 'जमीन' लिहिलेला गठ्ठा बाईंनी पाच मिनिटांत काढला. त्यात ते पत्र होते. निळी शाई, खाली सही, दोन साक्षीदार. दोघेही मरून गेलेले. म्हातारीला वाचता येत नव्हते. मी मोठ्याने वाचले: "कागदोपत्री सगळा गट संस्थेच्या नावे झाला असला, तरी कोपऱ्यातली विहीर, आपले घर व भोवतीची पाच गुंठे जागा आपली आणि आपल्या वारसांची राहील. संस्था तिच्यावर कधीही हक्क सांगणार नाही."

म्हातारी म्हणाली, "परत वाचा की साहेब." मी परत वाचले. तिने पदराने डोळे पुसले.

मुलीने पर्समधून मोबाईल काढला. "साहेब, एक फोटो घेऊ का याचा?"

मी म्हणालो, "मोबाईल ठेव आत. हा जप्त केलेला मुद्देमाल आहे. कोर्टाच्या परवानगीशिवाय फोटो काढता येत नाही. अर्ज करा, सही-शिक्क्याची नक्कल मिळेल."

"पण साहेब, तोपर्यंत..."

"तोपर्यंत कुठे जातोय तो? पोलीस ठाण्याइतकी सुरक्षित जागा तालुक्यात दुसरी नाही."

तिने मोबाईल आत ठेवला. म्हातारीने मला हात जोडले. गठ्ठा पुन्हा बांधून, लाखेचे सील मारून मुद्देमालाच्या खोलीत गेला. पत्र सापडल्याची नोंद स्टेशन डायरीत करायला हवी होती. त्या दिवशी हद्दीत अपघात झाला, मी तिकडे धावलो आणि नोंद राहून गेली.

पुढचे सगळे कायद्याप्रमाणे झाले. दोषारोपपत्र गेले. शिपायाने पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला, किरकोळ शिक्षा झाली, प्रकरण निकाली निघाले. मुद्देमाल परत मागायचा तर संस्थेने अर्ज करायला हवा. संस्था कशाला करते? ग्रंथपाल बाईंना ठरावाशिवाय अर्ज करता येत नव्हता. म्हातारीचा वकील नकलेसाठी तारखा घेत राहिला. आणि निकालपत्राच्या शेवटी एक ओळ होती, जी अशा निकालात नेहमीच असते: मुद्देमाल निरुपयोगी असल्याने अपिलाच्या मुदतीनंतर नष्ट करावा. 'निरुपयोगी' हा शब्द न्यायाधीशांनी माझ्या पंचनाम्यातूनच घेतला असणार.

वर्षाच्या शेवटी मुद्देमाल कारकुनाने निकाली मालाची यादी समोर ठेवली. हातभट्टीचे कॅन, मोडक्या काठ्या, रक्ताचे कपडे, जुने कागद. मंत्र्यांचा दौरा होता, गाडी सुरू होऊन उभी होती. मी यादी न वाचता सही केली. ठाण्यामागच्या बाभळींखाली तो माल जाळला गेला.

ते कळले, म्हातारीच्या वकिलाला नकलेची परवानगी मिळाली तेव्हा. मुलगी कोर्टाचा कागद घेऊन ठाण्यात आली. कारकुनाने रजिस्टर काढले आणि 'नष्ट' या शिक्क्यावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिले. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो. बाहेर आलो तर ती अजून तिथेच होती.

म्हातारीने नोटिशीविरुद्ध लावलेल्या दिवाणी दाव्यात मी स्वतःहून साक्ष दिली; ग्रंथपाल बाई संस्थेच्या नोकरीत, त्या आल्या नाहीत. पत्र मी पाहिले, वाचले, त्यात काय होते ते सांगितले. संस्थेच्या वकिलाने फार प्रश्न विचारले नाहीत.

"पंचनाम्यात या पत्राचा उल्लेख आहे?"

"नाही."

"स्टेशन डायरीत?"

"नाही."

"मग 'निरुपयोगी कागद' हे कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं?"

"माझ्या."

"आता वर्षभरानंतर ते उपयोगी कसे झाले?"

मी साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरलो. दावा फेटाळला गेला.

अतिक्रमण काढण्याचा बंदोबस्त माझ्याच ठाण्याकडे आला. दुसऱ्या कोणाला पाठवा म्हणून मी वरिष्ठांना विनंती केली. तुमची हद्द आहे, असे उत्तर मिळाले. विरोध होईल म्हणून मी सोळा कर्मचारी घेतले, त्यात महिला पोलीसही होत्या. कोणाचीच गरज पडली नाही. म्हातारीने आदल्या दिवशीच भांडी बांधून ठेवली होती. ती बुद्धाची लहान मूर्ती पदरात धरून बाहेर आली आणि म्हणाली, "आमी काय दगड मारनारी मानसं न्हाई, साहेब. कशाला येवढे पोलीस आनले?"

पोलीस प्रशिक्षण केंद्रात मला कधी कधी व्याख्यानाला बोलावतात. मी पोरांना सांगतो, मुद्देमालाची यादी सविस्तर करा, वाचल्याशिवाय सही करू नका. ते वहीत उतरवून घेतात. पण या प्रकरणाने मला शिकवले ते वेगळेच, आणि ते मी तिथे सांगत नाही. दादांवर विश्वास ठेवून त्या घराने पहिल्यांदा कागद हातातून सोडला. माझ्यावर विश्वास ठेवून दुसऱ्यांदा सोडला. ज्यांनी चोरी करवली त्यांना जे जमले नाही, ते मी नियमाने करून दिले. आणि त्या नियमात माझ्यावर कारवाई होईल असे एकही कलम नाही.

त्या दिवशी जेसीबी सुरू होण्याआधी म्हातारीची मुलगी माझ्याजवळ आली. मला वाटले, आता बोलेल, शिव्या देईल. मी तयार होतो, खरे तर वाटच पाहत होतो. ती हळूच म्हणाली, "साहेब, चूक माझीच झाली. तुम्ही मोबाईल ठेव म्हणाले आन् मी ठेवला. आईनं एवढं शिकवलं, आन् मला साधा एक फोटो काढता आला नाही."

बाई, चूक तुझी नव्हती, माझी होती, एवढेच मला म्हणायचे होते. शेजारी माझे सोळा पोलीस उभे होते. त्यांच्यासमोर मला ते म्हणवले नाही. ती आईचा हात धरून टेम्पोकडे गेली.