सरांनी दोनदा विचारलं
कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला, की मला ग्वाल्हेरच्या आमच्या कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब आठवते आणि स्वतःचाच राग येतो. त्या दुपारी प्रॅक्टिकलची परीक्षा होती आणि आम्ही वीसजण एकाच सर्व्हरवर काम करत होतो. एका प्रोसेसमधून, म्हणजे चालू प्रोग्राममधून, दुसरी तयार करायची होती. ते करणारी ओळ मी पुन्हा पुन्हा चालणाऱ्या लूपमध्ये टाकली आणि नव्या प्रोसेसला थांबवायचं विसरलो. एकीच्या दोन, दोनाच्या चार होत त्यांनी सर्व्हरची सगळी मेमरी खाल्ली आणि वीसही कॉम्प्युटर हँग झाले. "माझा पूरा प्रोग्राम तयार आहे यार, बस सेव्ह नाही केला," शेजारी बसलेली मैत्रीण कुजबुजली. सर म्हणाले, "किसका प्रोग्राम है, बता दो. सिर्फ उसी को बंद करूँगा, बाकी सबका बच जाएगा." मी कीबोर्डकडे बघत राहिलो. सरांनी दोनदा विचारलं, मग वैतागून सर्व्हरच बंद केला. माझी फाइल सेव्ह होती, तिची गेली. परीक्षकांनी वेळ वाढवून दिला नाही आणि ती नापास झाली. घरी जाताना फूलबागेपाशी तिने विचारलं, "कोण होता तो, कळलं का तुला?" मी म्हटलं, "काय माहीत." आता मी हाच विषय शिकवतो. दरवर्षी कुणीतरी हीच चूक करतं, सरळ हात वर करतं, मी त्याच्या प्रोसेस बंद करतो आणि बाकीच्यांचं काम अर्ध्या मिनिटात पुन्हा सुरू होतं.