सामाईक फ्रीजमध्ये न ठेवलेली बाटली

खोटं कशाला बोलू, मी तिच्यावर जळायचे. थोडंथोडकं नाही, चांगलं पोटात दुखेपर्यंत. आम्ही दोघी एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना. ती सदाशिव पेठेतून स्कूटीवर यायची, मी विश्रांतवाडीहून दोन बस बदलून. तिचे वडील प्राध्यापक, काका प्राध्यापक. आमच्या घरात प्रयोगशाळा आतून पाहिलेली मी पहिलीच. त्यात धाकटा भाऊ नुकताच खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलेला, त्याला न्यायला रोज दारात गाडी. आई मला विचारायची, "तुझं औषध कधी यायचं गं बाजारात?" काय सांगणार, कपाळ!

औषध शोधणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. म्हणून पुण्यातल्या तीन-चार संस्थांनी मिळून एक सामाईक फ्रीज ठेवला होता. कोणीही नवा रेणू बनवला की त्याची चिमूटभर पूड बाटलीत घालून तिथे द्यायची आणि फॉर्म भरायचा: कोणी बनवला, कधी बनवला, वहीचं पान कोणतं. ज्या संस्थेत क्षयाचे जंतू वाढवायची सोय होती, तिथले लोक पाळीपाळीने या बाटल्या तपासायचे. आम्हाला जंतू वाढवता येत नव्हते, त्यांना रेणू बनवता येत नव्हते.

मला ते गावजेवण वाटायचं. रांधायचं आपण आणि ढेकर द्यायची दुसऱ्यानं! मी माझे सामान्य, कळकट रेणू तिथे नेऊन द्यायचे. फेब्रुवारीत मात्र एक फार सुरेख जमला, पांढरा शुभ्र, सुईसारखे स्फटिक. तो मी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कुलूप लावलं. सरांनाही सांगितलं नाही. प्रबंधाच्या वेळी काढू, म्हटलं.

ती सगळंच देऊन टाकायची. "ठेवून काय लोणचं घालायचंय?" असं वर मलाच विचारायची.

जुलैत तिच्या एका बाटलीचा निकाल आला. जंतू मेले होते! सरांनी फळ्यावर रेणूची आकृती काढली आणि मी ती लगेच ओळखली. तो माझाच रेणू होता. एकाच कुळातले रेणू आम्ही दोघी करत होतो, त्यामुळे तिनेही तो बनवला होता, माझ्यानंतर चार महिन्यांनी. सर म्हणाले, "हिच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण झालं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मेलीनं.

पण पहिल्या निकालावर कोणी विश्वास ठेवत नाही. तीच तपासणी पुन्हा करायची होती, पाळी शुक्रवारची, आणि तिची पूड संपलेली. नव्याने बनवायला तीन आठवडे. ती माझ्या टेबलाशी आली. "अगं, तुझ्याकडे आहे का यातलं काही? अर्धवट झालेलंही चालेल."

कुलपाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी म्हटलं, "नाही गं."

पाळी गेली. पुढची थेट दिवाळीनंतर. ती मुकाट्याने पहिल्यापासून बनवायला लागली आणि दोनदा तिचा प्रयोग फसला. मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण बरंच वाटलं.

तरी दर बैठकीत सर "हिचा रेणू, हिचा रेणू" करायचे. एके दिवशी मला ते असह्य झालं. हिचा कसला? माझा! मी तिरीमिरीत ड्रॉवर उघडला, बाटली काढली, फॉर्म भरला आणि वहीसकट फ्रीजपाशी गेले. तिथली नोंदवही आम्ही विद्यार्थीच महिन्या-महिन्याने सांभाळायचो. त्या महिन्यात नोंदवही तिच्याकडे होती, आणि रागात मी तेच विसरले होते.

तिने फॉर्म वाचला. तारखेवर बोट ठेवलं.

"फेब्रुवारी?"

"हो."

"मी जुलैत मागितला होता."

मी वही पुढे सरकवली. तिने वहीचं पान ताडून पाहिलं, नोंद केली, बाटलीवर क्रमांक चिकटवला. अक्षर नेहमीसारखंच वळणदार, जरासुद्धा हललं नाही.

दिवाळीनंतर माझ्याच बाटलीतून तपासणी झाली आणि निकाल पुन्हा तोच आला. आधी बनवणाऱ्याचं नाव आधी, हा तिथला नियम. शोधनिबंधावर पहिलं नाव माझं लागलं, दुसरं तिचं. सरांनी पेढे आणले. मी डबा घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. तिने एक पेढा उचलला.

"अभिनंदन," ती म्हणाली. "जुलैत नुसती तारीख दाखवली असतीस ना, तरी मीच सरांना सांगून तुझं नाव वर घातलं असतं."

आणि तिने घातलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला तिचा असा राग आला, असा राग आला! इतकी वर्षं झाली, अजून येतो.