बस्त्याच्या तळाचा खण

आमच्या सौभाग्यवतींच्या मामांइतका कॉम्प्युटरचा खोल विचार केलेला माणूस अख्ख्या हुबळी-धारवाडात दुसरा सापडायचा नाही, आणि हा सगळा विचार त्यांनी माउस दोन्ही हातांनी धरून केलेला आहे. मामा हाडाचे कापडवाले. त्यांचे पणजोबा मिरजेकडून कापडाचे गठ्ठे घेऊन आले आणि हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात जी गादी घालून बसले, तिच्यावरून मामा सत्तरी लागेपर्यंत उठले नाहीत. दुकानात मामांचं खातं एकच, लग्नाचा बस्ता. दोन्हीकडची वीस-पंचवीस माणसं गादीवर ऐसपैस बसली की शालूपासून सुरुवात करून आहेराच्या साड्या, धोतरजोड्या, टोप्या, टॉवेल असं करत करत थेट न्हाव्याच्या उपरण्यापर्यंत, कुणाला काय लागतं हे मामांना तोंडपाठ असायचं. लग्नघरच्या माणसांना स्वतःची आत्या आठवायची नाही, पण मामांना आठवायची. आणि गाठ मारण्याआधी ते प्रत्येक बस्त्याच्या तळाशी चोळीचा एक जादा खण आपल्या पदरचा सरकवायचे. कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणायचे, "कोणतरी राहिलेलं असतंच की." आणि खरोखर, ऐन अक्षतांच्या वेळी कुठूनशी एखादी लांबची चुलती उगवायची, यजमानीणबाईंचा चेहरा उतरायचा, आणि मग तळातला तो खण वर येऊन घराची अब्रू राखायचा.

असा माणूस दुकान मुलाच्या हाती देऊन घरी बसला, ही मामींच्या आयुष्यातली मोठीच आपत्ती होती. ती मी माझ्या आयुष्यात ओढवून घेतली. मी तारिहाळला एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. तिथले सहा जुने कॉम्प्युटर भंगारात निघाले होते. ते मी मालकांकडून जुन्या हुबळीतल्या आमच्या समाजाच्या वाचनालयासाठी मागून घेतले. मामा वाचनालयाचे अध्यक्ष. त्यांना समजावं म्हणून मी सांगितलं, की कॉम्प्युटरमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून एक असते, ती आधी उठते आणि बाकीच्यांना उठवते. तिची एक फुकट मिळणारी जात आहे, आणि तिच्यात आधीपासून कोणकोणते प्रोग्रॅम भरलेले असावेत हे आपण ठरवू शकतो. एकदा ठरवलं की त्याच मापाचे सहाही कॉम्प्युटर तयार करायचे. मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "म्हणजे बस्ताच की ओ, जावईबापू." त्या क्षणी मी गप्प बसायला हवं होतं. मी हो म्हणालो, आणि पुढचे आठ महिने माझे रविवार गेले.

मामांची पद्धत अशी, की घडीवर बघून कधी काही ठरवायचं नाही. "उलगडून दाखवा" हे त्यांचं पहिलं वाक्य. मी प्रोग्रॅम उघडायचा, त्याचा एकेक मेनू पदरासारखा खाली सोडून दाखवायचा, आणि मामा मांडी घालून, मान तिरकी करून बघत राहायचे. मग विचारायचे, "बेकु का ब्याड?" म्हणजे हवं का नको. हा प्रश्न मला नसायचा, स्वतःलाच असायचा. उत्तर बहुतेक वेळा दोन्ही नसायचं. "बाजूला ठेवा," असं म्हणून ते पुढच्याकडे वळायचे. चित्रं काढायचे चार प्रोग्रॅम, गाणी ऐकायचे पाच, लिहायचे तीन, सगळे मी उलगडले आणि सगळे बाजूला ठेवले. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांनी मामांना जे जे करायला लावलं होतं, ते सगळं मामा व्याजासकट माझ्यावर फेडत होते. पसंत पडलेल्या प्रोग्रॅमचं नाव ते साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मागच्या बाजूला लिहायचे आणि पुढे तो कुणासाठी हेही लिहायचे. नुसतं नाव लिहिलेलं त्यांना चालायचं नाही. माणूस नसेल तर वस्तू कशाला, हा त्यांचा सरळ हिशेब होता.

यादी घरात बसून होत नाही म्हणून मामा बाजारात चौकशीला निघाले. रिक्षावाले, शिंपी, धान्याचे दुकानदार, निवृत्त कन्नड मास्तर, कुणालाही सोडलं नाही. तुमच्या कॉम्प्युटरात काय काय पाहिजे, असं ते कन्नडात विचारायचे. दुर्गदबैलाच्या तोंडाशी बसणाऱ्या भाजीवाल्या अक्कांनी आधी कॉम्प्युटर पाहिजे म्हणून सांगितलं. मामांना हे उत्तर फार आवडलं. ते मला म्हणाले, की ज्याला ठाऊक आहे तो काय, हवं ते मागून घेईल, नसलं तर कुठूनतरी आणून घालेल. पण मागायचं असतं हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी बस्ता असतो. मी कारखान्यात मोठमोठ्या माणसांची भाषणं ऐकलेली आहेत, पण या विषयावर याहून शहाणं वाक्य ऐकलेलं नाही. मात्र ते ऐकायला मला भर उन्हात हातगाड्यांच्या मधे पाऊण तास उभं राहावं लागलं.

पत्त्यांच्या खेळावर तीन रविवार खर्ची पडले. वाचनालयात पत्ते म्हणजे काय, असं म्हणून मामांनी तो आधी उडवून लावला. मग न बघता नाही म्हणणं बरं नव्हे म्हणून उलगडायला लावला. मग पारख करायची म्हणून स्वतः खेळायला बसले. मामी जेवायला तीनदा बोलावून गेल्या, चौथ्यांदा त्यांनी भिंतीतला खटकाच बंद केला. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर पत्त्यांचं नाव चढलं आणि पुढे 'माउस धरायला शिकणाऱ्यांसाठी' असं लिहिलेलं होतं. कॅलेंडर मात्र नापास झालं, कारण त्याला एकादशी कधी ते माहीत नव्हतं. मामा म्हणाले, भिंतीवर खिळ्याला टांगलेलं आहे ते बरं आहे. इंटरनेट बघायचे दोन प्रोग्रॅम ठेवू म्हटलं तर एका बोहल्यावर दोन नवरदेव कशाला, म्हणून त्यांनी एकाला परत पाठवलं. वाद फक्त एका बाबतीत झाला नाही. मराठी आणि कन्नड, दोन्ही अक्षरं पहिल्या दिवसापासून उमटली पाहिजेत, हे त्यांनी पुठ्ठ्यावर सगळ्यांत वर लिहून ठेवलं होतं.

बारा नावं झाली. जुन्या यंत्रांना तेवढाच भार झेपणार होता, आणि मी मनातल्या मनात सुटकेचा नारळ फोडला. त्या दिवशी माझ्या हातून चुकून तीन कळा एकदम दाबल्या गेल्या आणि कॉम्प्युटर बोलायला लागला. पडद्यावर जे जे लिहिलेलं होतं ते तो तलाठ्यानं उतारा वाचावा तशा आवाजात मराठीत वाचत सुटला. मामा दचकले. हे काय, असं म्हणाले. मी सांगितलं, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आहे, पण आपल्या वाचनालयात तसं कुणी येत नाही, शिवाय हे जड आहे, बाकीच्यांना रेंगाळायला लावेल. मामा बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी पुठ्ठ्याच्या अगदी तळाशी तेरावं नाव लिहिलं आणि पुढे माणसाच्या जागी फक्त 'खण' असं लिहिलं.

आता कबूल करतो. सहाही यंत्रांत घालायची मूळ प्रत मी तयार केली तेव्हा तो खण काढून टाकला. मला ते व्यवहाराला धरून वाटलं. वर्तमानपत्र चाळणाऱ्यांच्या शांततेत कुणाचा हात पडून ते यंत्र बोंबलायला लागलं तर काय घ्या. मी कुणाला सांगितलं नाही. उद्‌घाटनाला पेढे वाटले, मामांनी एकेका कॉम्प्युटरसमोर बसून सगळं निरखून पाहिलं, माझ्या पाठीवर थाप मारली, आणि सहापैकी सर्वांत म्हातारा कॉम्प्युटर नमुना म्हणून आपल्या घरी नेला. त्यावर ते एका बोटानं काहीतरी टाइप करत बसतात, असं आमची सौ. माहेरच्या बातम्यांत सांगायची. माझे रविवार मला परत मिळाले आणि मी तो विषय विसरलो.

वर्षभरानं मामांच्या डोळ्यांनी दगा दिला. एक डोळा काचबिंदूनं आधीच अधू होता, दुसऱ्यात अचानक रक्त उतरलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तेही सूज उतरल्यावर, आणि किती दिसेल ते आत्ता विचारू नका म्हणाले. ज्या माणसानं कापडाचा रंग दिव्यात एक आणि उन्हात एक कसा दिसतो हे चार जिल्ह्यांना शिकवलं, तो माणूस पडवीत बसून मामींना विचारायला लागला, की बाहेर ऊन आहे का सावली. वाचनालयात जाणं थांबलं. मी भेटायला गेलो की ते यादीच्या पुठ्ठ्यावरून नुसता हात फिरवत बसलेले दिसायचे. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी जाणं कमी केलं. यात मोठेपणा काही नव्हता.

एके दिवशी दुपारी मी कारखान्यात असताना मामींचा फोन आला. "आज कॉम्प्युटरापुढं बसायचं म्हणतायत ओ. तळातला तो खण वर काढतो म्हणाले. तुम्ही येऊन जावा." मी पेनड्राइव्हवर तो प्रोग्रॅम उतरवून घेतला, साहेबांना खोटं कारण सांगितलं आणि निघालो. तारिहाळपासून जुन्या हुबळीपर्यंत लागतील तेवढे सिग्नल लागले आणि प्रत्येक सिग्नलला मला एकच दिसत होतं: मामा त्या तीन कळा दाबताहेत आणि काहीच होत नाही. सगळ्या गावाच्या आत्या-चुलत्यांसाठी खण ठेवणाऱ्या माणसावर आज ती वेळ आली होती, आणि त्याचा खण मी चोरला होता. दुसरा शब्द मला सुचत नव्हता.

पोचलो तेव्हा मामा कॉम्प्युटरसमोर बसलेले होते. यंत्र चालू होतं, खोलीत आवाज काही नव्हता. मी चपला काढता काढताच म्हणालो, थांबा मामा, मी आधी जरा तपासतो, जुनं यंत्र आहे, अडकलं असेल. मामा म्हणाले, "आलासा? बसा की," आणि त्यांनी चाचपडत चाचपडत तीन कळा शोधून एकदम दाबल्या.

यंत्र बोलायला लागलं. तोच तलाठी, तोच उतारा. मी पेनड्राइव्ह मुठीत धरून उभाच राहिलो.

"तेराचे बारा भरले होते तुम्ही," मामा म्हणाले. "बस्ता उचलायच्या आधी मालक मोजतोच की ओ."

तर उद्‌घाटनाच्या दिवशीच त्यांच्या ध्यानात आलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या गल्लीत कॉम्प्युटरचा क्लास घेणाऱ्या बाईंना बोलावून सहाही यंत्रांत तो परत घालून घेतला होता. वर्षभर मला एका शब्दानं बोलले नव्हते. मी खाली बसलो आणि विचारलं, मामा, तेव्हाच का नाही रागावलात?

"बस्त्यावरनं जावयाला बोल लावत नाहीत," ते म्हणाले.

मला इतकं हायसं वाटलं, की मी हसतोय का रडतोय ते मामांना दिसत नाही हेच त्या घटकेला बरं झालं. मामी दारात चहा घेऊन उभ्या होत्या, त्यांना दिसलं. त्यांनी कप ठेवला आणि आत गेल्या.

मग यंत्रानं मामांनी वर्षभर एका बोटानं टाइप केलेला मजकूर वाचून दाखवला. तो पुठ्ठ्यावरचाच बस्ता होता. पत्ते, माउस धरायला शिकणाऱ्यांसाठी. शब्दकोश, मास्तरांशी वाद घालणाऱ्यांसाठी. मोठ्या अक्षरांचा प्रोग्रॅम, भाजीवाल्या अक्कांसाठी, त्या येतील तेव्हा. असं एकेक करत तो आवाज तळाशी आला आणि त्याच सुरात म्हणाला, "खण. कोणासाठी ठाऊक नाही." मी विचारलं, तुम्हाला डोळ्यांची तेव्हाच शंका आली होती का? मामा म्हणाले, कशी येणार, आली असती तर यादीत नाव नसतं का लिहिलं.

ऑपरेशन झालं. पट्टी सोडली त्या दिवशी मामींची साडी हिरवी आहे हे मामांनी ओळखलं आणि काठ मात्र जुना दिसतोय असंही म्हणाले, तेव्हा दवाखान्यात आम्ही सगळे वेड्यासारखे हसलो. आता एका डोळ्यानं रंग कळतात, माणसं ओळखू येतात, मोठी अक्षरं लागतात. बारीक लागत नाहीत, आणि ती आता लागायची नाहीत. ते सगळं तलाठी वाचतो. मी म्हटलं, मामा, आता त्या शेवटच्या ओळीत तुमचं नाव घालूया. मामा म्हणाले घाला. मी टाइप केलं. मग ते म्हणाले, "म्हणजे तळ रिकामा झाला, जावईबापू. दुसरा ठेवायला पाहिजे."

तेव्हापासून माझे रविवार परत गेलेले आहेत. नवा खण कुणासाठी ते दोघांनाही ठाऊक नाही. मी एकेक प्रोग्रॅम उलगडतो आणि पडद्यावर काय काय दिसतंय ते मामांना सांगत जातो. मामा मान तिरकी करून पडद्याच्या थोडं पलीकडे बघत असतात. सगळं ऐकून झालं की हळूच म्हणतात, बाजूला ठेवा. मी ठेवतो.