पॉवर केबल माझ्या पर्समध्ये होती

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. या सदरात लोक लिहितात — पैंजण वाजले, कुणीतरी नावाने हाक मारली, कुत्रं रडलं... मी वाचते आणि चिडते. माझं सगळं आयुष्य मशीनसमोर गेलंय. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं आणि ते कारण शोधणं हेच माझं काम. म्हणून जे झालं त्याची मला भीती वाटत नाही, राग येतो. भीती वाटली असती तर बरं झालं असतं, एखादा दोरा बांधून मोकळी झाले असते.

नव्वदीच्या दशकातला मधला काळ. गाव चौसाळा, बीडपासून काळीपिवळी जीपने तासभर. माझ्या मोठ्या काकांचं, म्हणजे आप्पांचं, हायवेला लागूनच बी-बियाणं आणि खतांचं दुकान होतं. लातूरच्या एका व्यापाऱ्याकडे त्यांनी कॉम्प्युटरवर बिल निघताना पाहिलं आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात तेच. एक मशीन आणि दोन स्क्रीन हवे होते, एक गल्ल्यावर आणि एक मागे गोदामात, म्हणून युनिक्सचं मशीन घेतलं. बिलाचं सॉफ्टवेअर पुण्याच्या एका छोट्या कंपनीचं. ते सहा फ्लॉप्यांवर आलं.

मी तेव्हा औरंगाबादहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून नुकतीच आले होते. आप्पांचा मोठा मुलगा शिवादादा, त्याने मशीन बसवायला बीडचा एक माणूस ठरवून ठेवला होता. आप्पा म्हणाले, "घरची पोरगी शिकून आली हाय, मंग भायेरचा माणूस कावून आणायचा?" दादाने तोंड वाकडं केलं. आणि माझे वडील? ते म्हणाले, "ठीक हाय. आप्पाचं मशीन उद्या सकाळी दुकान उघडताना चालू झालं, तर तू हेच काम कर, मी आडवा येनार न्हाई. न्हाई झालं, तर बीएडचा फॉर्म भरायचा आन् मास्तरीण व्हायचं." फॉर्म आणून कपाटावर ठेवलेला होता. मला मास्तरीण व्हायचं नव्हतं. माझा तेवढा संयमच नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेलच.

तर मी त्याच सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत बसले. आमच्या सरांनी शिकवलेली एक गोष्ट मी आजही पाळते — कंपनीच्या मूळ फ्लॉपीवरून कधी थेट इन्स्टॉल करायचं नाही. फ्लॉपी नाजूक असते, कधी दगा देईल सांगता येत नाही. आधी तिची इमेज काढायची. म्हणजे काय, तर डीडी नावाची एक कमांड असते, ती फ्लॉपीवर पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत जे काही आहे ते जसंच्या तसं उचलते आणि हार्डडिस्कवर एक फाईल बनवते. मग त्या फाईलवरून कोऱ्या फ्लॉप्यांवर प्रती तयार करायच्या, त्यांच्यावरून इन्स्टॉल करायचं आणि मूळ फ्लॉप्या कपाटात बंद. इन्स्टॉल करताना सहाच्या सहा लागतात. एक जरी गेली तर बाकीच्या पाच नुसत्या प्लास्टिकच्या चकत्या.

पहिली झाली. दुसरी झाली. डीडी काम झाल्यावर किती वाचलं आणि किती लिहिलं ते सांगते, दोन्ही आकडे जुळले की जिवाला बरं वाटतं. मी पाणी प्यायला उठले. परत येऊन बघते तर गंगूआत्या भस्माची वाटी घेऊन टेबलाशी उभी.

गंगूआत्या म्हणजे आप्पांची बहीण. आम्ही लिंगायत, आमच्याकडे दुकानात नवी वस्तू आली की तिला भस्माची तीन बोटं लागतात. काट्याला लागली, स्कूटरला लागली, मशीनच्या डब्यालाही सकाळीच लागली होती. पण आत्याचा एक नियम होता, वस्तू जिथून काम करते तिथे भस्म लावायचं. काट्याच्या पारड्याला, स्कूटरच्या हँडलला. आणि तिने तिसरी फ्लॉपी हातात घेऊन तिचं ते लोखंडी झाकण सरकवलं होतं आणि आतल्या काळ्या चकतीवर ओल्या भस्माची तीन बोटं ओढली होती. बाकीच्यांकडे हात जाणार तेवढ्यात मी पोचले.

"आत्या! काय केलंस हे?"

"कावून वरडतीस गं? काळीभोर चीज हाय आत, तिला न्हाई लावायचं तर कुनाला लावायचं?"

मी कापसाने पुसलं, वाळवलं, देवाचं नाव न घेता फ्लॉपी ड्राईव्हमध्ये घातली. खरखर आवाज आला, कुणी पत्र्यावर वाळू घासतंय असा. स्क्रीनवर आलं — रीड एरर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. डिस्क तीनची जी अर्धवट फाईल तयार झाली होती ती मी माझ्या हाताने पुसून टाकली. हे लक्षात ठेवा, कारण सगळे शहाणे मला पुढे हेच विचारतात. मी ती पुसली होती. यादी काढून बघितली, दोनच फायली होत्या.

समोरच्या एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. तिथले कुलकर्णी म्हणून एक साहेब होते, ते म्हणाले, "मॅडम, तीन नंबर गेली तर नवा सेटच पाठवावा लागेल. कुरिअरने आठवडा धरा." आठवडा. बीएडचा फॉर्म मला तिथून दिसायला लागला.

एकच आशा होती. बीडला बसस्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास चालवणारे एक सर होते, ते फ्लॉपी साफ करून देतात असं ऐकलं होतं. मी मशीन नीट शटडाऊन केलं. डबा उघडला, ड्राईव्हमधलं भस्म स्पिरिटने पुसलं आणि वाळायला तसंच उघडं ठेवलं. आता घरात सोळा माणसं, प्रत्येकाला बटण दाबून बघायची हौस. म्हणून मी पॉवर केबलच काढली आणि पर्समध्ये टाकली. तीन नंबरची फ्लॉपीही पर्समध्ये. स्क्रीनच्या वायरी स्क्रीनलाच पक्क्या जोडलेल्या, आणि दुसरी तसली केबल चौसाळ्यात कुणाच्या बापाकडे नव्हती. शिवादादाला म्हटलं, "इथं बस, आत्याला जवळ येऊ देऊ नकोस."

"जा जा. इंजिनेर बाई," दादा म्हणाला.

बीडला त्या सरांनी फ्लॉपी उजेडात धरली आणि मान हलवली. मग ब्लेडने कडा कापून तिचे दोन भाग केले आणि चकती बाहेर काढून मला दाखवली. तिच्यावर गोल गोल ओरखडे पडलेले, काही ठिकाणी तर काळा थर निघून आरपार उजेड दिसत होता. "ही कुणाचा बाप वाचू शकत नाही," ते म्हणाले. दुपारचे दोन वाजून गेले असतील. मी ती चकती आणि प्लास्टिकची दोन टरफलं रुमालात गुंडाळली आणि काळीपिवळीत मागच्या बाजूला बसून चौसाळ्यापर्यंत रडत आले. शेजारच्या बाईने विचारलं, कोण गेलं गं बाई? मी म्हटलं, कुणी नाही.

दुकानात आले तेव्हा दादा खोलीच्या बाहेर स्टुलावर बसला होता. मला बघून म्हणाला, "तू मधी येऊन गेलतीस का?"

"मी आत्ता उतरतेय जीपमधून."

"मंग मघाशी आत त्या फ्लॉपीची खटखट कोन करत होतं? मी जरा गल्ल्यावर गेलतो, तवा लई येळ चालली व्हती. मला वाटलं तूच हायेस. आत जाऊन पाह्यलं तर कुनीच न्हाई... म्हनून भायेर बसलो."

मी म्हटलं, दादा, थट्टेची वेळ नाही ही. आत गेले. डबा तसाच उघडा, मागची केबलची जागा रिकामी. पर्समधून केबल काढून लावली, मशीन सुरू केलं, फक्त मलाच ठाऊक असलेला पासवर्ड टाकला आणि यादी काढली.

डिस्क एक. डिस्क दोन. डिस्क तीन.

पूर्ण आकाराची फाईल. पहिल्या दोघींइतकी, एक कणही कमी नाही. तयार झाल्याची वेळ दुपारची सव्वादोन. सव्वादोनला मशीनची केबल माझ्या पर्समध्ये होती आणि फ्लॉपी बीडला एका टेबलावर दोन तुकड्यांत पडलेली होती.

मग काय सुचलं कोण जाणे, पुन्हा बूथवर गेले. फाईल बरोबर आहे की नाही हे तपासायला एक कमांड असते, ती सगळी फाईल वाचून एक आकडा काढते. एक कण जरी इकडचा तिकडे असला तरी आकडा बदलतो. मी कुलकर्णी साहेबांना म्हटलं, तुमच्याकडच्या तीन नंबरचा आकडा सांगा. त्यांनी सांगितला. माझ्या तळहातावर पेनने तोच लिहिलेला होता.

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही ती वाचली कशी?"

मी फोन ठेवून दिला. उरलेल्या तीन फ्लॉप्यांच्या इमेज काढल्या, सहा कोऱ्या फ्लॉप्यांवर प्रती तयार केल्या, इन्स्टॉल केलं. सकाळी आप्पांनी दुकान उघडलं आणि पहिलं बिल मशीनवर निघालं, कापसाच्या बियाण्याच्या दोन पिशव्यांचं. आप्पांनी ते बिल गिऱ्हाइकाला देण्याआधी चारचौघांना दाखवलं. वडिलांनी कपाटावरचा फॉर्म घडी करून खिशात घातला. आत्या म्हणाली, "भस्मानं काम केलं बघ."

भस्माने काम केलं! अहो, भस्मानेच तर वाट लावली होती. पण घरात तेच ठरलं. लग्नात, बारशात, जिथे चार माणसं जमतील तिथे आत्या तेच सांगत राहिली आणि मी समोर बसून ऐकत राहिले. पाच फ्लॉप्या मी काढल्या, रात्रंदिवस शिकून आलेली मी, त्या पाचांबद्दल एकाने विचारलं नाही.

आता शहाण्यांचं ऐका. कुणी म्हणतं, तू आधीच काढली असशील आणि विसरलीस. नाही. कुणी म्हणतं, मशीनचं घड्याळ चुकलं असेल. बाकीच्या सगळ्या फायलींच्या वेळा बरोबर होत्या, माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघितल्या आहेत. कुणी म्हणतं, दादाने गंमत केली असेल. दादाला तेव्हा मशीनचं बटण कुठे असतं ते ठाऊक नव्हतं, आणि मी नापास व्हावं असंच त्याला वाटत होतं. तोच दादा आता म्हणतो, खटखट ऐकली असं मी बोललोच नव्हतो. स्टुलावर बाहेर का बसला होतास, असं विचारलं की उठून जातो.

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा येतो ते सांगते. वर्षभराने त्या पुण्याच्या कंपनीतून बोलावणं आलं. कुलकर्णी साहेब समोर, शेजारी दोन मोठे साहेब. एकच प्रश्न — ती खराब फ्लॉपी तुम्ही वाचलीत कशी? मी खरं ते सगळं सांगितलं. भस्म, केबल, बीड, सव्वादोन. ते तिघेही हसले. एक म्हणाले, "ट्रिक सांगायची नाही, असंच ना? हुशार आहात," आणि मला तिथेच नोकरी दिली. त्या नोकरीवरून पुढची, तिच्यावरून आजची. आज माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत आणि मी त्यांना रोज सांगते, काय केलं, कसं केलं, ते समजल्याशिवाय काम झालं असं म्हणू नका.

उत्तर मला मिळालेलं नाही, आता मिळेल असंही वाटत नाही. त्या दुपारी ड्राईव्हपाशी कोण होतं, देव होता की भूत होतं की आणखी काही, त्याच्याशी मला देणंघेणं नाही. तो समोर आला तर मी हात जोडणार नाही. एवढंच विचारीन — कावून केलंस? कुणी सांगितलं होतं तुला? माझं काम होतं ते. मी करत होते ना.