घासून टाकलेली टिंबं

शहागडला हायवेच्या कडेला मच्छिंद्रचं टर्बो दुरुस्तीचं दुकान आहे. चढावर दम तुटलेले ट्रक तिथं येऊन थांबतात. ट्रकचा गरम धूर टर्बोचं एक चाक फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात जादा हवा कोंबतं. मिनिटाला लाखभर फेऱ्या, तोल जरा ढळला की चाक फुटलंच. म्हणून मच्छिंद्रचा एक हट्ट होता. काहीही खोलायच्या आधी टोकदार पंच ठोकून टिंबं मारायची: चाकावर, दांड्यावर, नटावर. जसं निघालं तसंच बसलं पाहिजे. बावीस वर्षांत हा नेम मोडला नव्हता.

"माझ्या डब्याच्या झाकणाला बी मारा एखादं टिंब," दैवशाला, त्याची बायको, म्हणायची. "रोज उलटंच बसवून आणता."

दिवाळीनंतर केदार आला. जालन्यात मस्तगडला राहणारा, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजच्या स्पर्धेसाठी तो आणि त्याचे मित्र मोटरसायकलच्या इंजिनावर छोटी रेसची गाडी बनवत होते.

"मामा, टर्बो बसवून द्या. भारी तोच."

"तुमचा रस्ता सरळ हाय का वळणाचा, इंजिनिअर साहेब?"

"वळणंच वळणं."

"मंग टर्बो काय कामाचा? त्याला आधी धूर लागतो, मंग दम येतो. माझा ट्रकवाला पाय दाबून कोसभर जातो, त्याला चालतं. तू वळणावर पाय उचलणार, परत दाबणार. दम येईस्तोवर पुढलं वळण येतंय."

"म्हणजे सुपरचार्जर?"

"त्यो बी हवाच कोंबतो, पण पट्ट्यानं इंजिनलाच बांधलेला राह्यतो. थोडी ताकद खातो, पण दाबला की हजर."

"तुम्ही खोललाय कधी?"

"न्हाई. पण खोलायला मिळाला तर सोडणार बी न्हाई."

जालन्याच्या स्टील कारखान्यांसाठी परदेशातून भंगार येतं. तीन रविवार दोघांनी त्या ढिगांत घालवले आणि एका जपानी छोट्या गाडीचा सुपरचार्जर शोधून काढला. आत दोन रोटर, म्हणजे पाकळ्यांचे दांडे, एकमेकांत फिरणारे पण एकमेकांना न शिवणारे. त्यांच्यात केसाएवढी फट राखायचं काम मागच्या दोन दातेरी चाकांचं. मच्छिंद्रनं खोलण्याआधी तीन टिंबं मारली, दोन्ही चाकांवर आणि कवचावर. मग चार महिने दर रविवारी केदार यायचा, दैवशालाच्या हातची भाकरी खायचा आणि वहीत लिहून घ्यायचा. पट्ट्याचं मोजमाप, बसवायची लोखंडी पट्टी, सगळं मच्छिंद्रच्या हातचं.

एकदा केदारनं कागदावर गाडीचं चित्र काढलं आणि दारावर लिहिलं, 'मार्गदर्शन: मच्छिंद्र मिस्तरी, शहागड'.

"हे असंच रंगवणार, मामा. बिलकुल असंच."

आठवी शिकलेल्या मच्छिंद्रचं नाव दुकानाच्या पाटीखेरीज कुठंच रंगवलेलं नव्हतं. तो कागद त्यानं देवाच्या फोटोमागं ठेवला. परतूरकडचे ट्रकवालेसुद्धा आता विचारायचे, "मिस्तरी, तुमची गाडी कधी पळणार?"

स्पर्धेआधी कॉलेजात प्रदर्शन होतं. मच्छिंद्र इस्त्रीचा शर्ट घालून दैवशालाला घेऊन गेला. गाडी लाल चकचकीत होती. दारावर पाच मुलांची नावं होती. मच्छिंद्र एका बाजूनं गेला, मग दुसऱ्या बाजूनं. दैवशालाला वाचता येत होतं, तिनं पाचही नावं दोनदा वाचली.

केदार एका सरांना सांगत होता, "डिझाइन, फिटिंग, सगळं आम्हीच केलंय, सर." तेवढ्यात त्याची नजर मच्छिंद्रकडं वळली. "हे ओळखीचे आहेत. शहागडहून गाडी बघायला आलेत."

मच्छिंद्र खाली वाकला. सुपरचार्जरला आता पारदर्शक झाकण होतं आणि आतली दातेरी चाकं दिसत होती. टिंबांच्या जागी कानशीचे चमकते ओरखडे होते.

"टिंबं कुठं गेली?"

"ती काढली, मामा," केदार हळू आवाजात म्हणाला. "फोटोत तुमच्या दुकानाची खूण दिसत होती. बाहेरचं काम वाटलं असतं."

"खूण माझी नव्हती. मशीनची व्हती."

पण केदार पुन्हा सरांकडं वळला होता.

बसमध्ये दैवशाला एवढंच म्हणाली, "भाकरी तरी बराबर आवडीनं खायचा."

नवव्या दिवशी केदार खोक्यात सुपरचार्जर घेऊन दुकानात आला. टिंबं घासायला काढलेली चाकं पोरांनी अंदाजानं बसवली होती, एक दात इकडचा तिकडं झाला होता. गाडी पहिल्यांदा सुरू करताच रोटर एकमेकांना भिडले आणि पट्टा जळाला. स्पर्धा चार दिवसांवर होती.

"मामा, चुकलंच. नाव टाकतो ना आता. आजच रंगवतो."

मच्छिंद्रनं खोकं उघडलं. रोटरवरचे ओरखडे त्यानं पॉलिश पेपरनं घासले, फटीत पातळ पत्त्या घालून मोजलं, चाकं एक-एक दात फिरवून जुळवली. दुपार गेली. रोटर हातानं फिरवला तेव्हा आवाज न करता फिरला. त्यानं झाकण घट्ट केलं आणि खोकं पुढं सरकवलं.

"टिंबं मारायची राहिली, मामा."

"न्हाई मारली."

"मग पुन्हा खोललं तर आम्ही कसं बसवायचं?"

"फिटिंग तुमचंच हाय ना, साहेब."

केदार खोकं उचलून निघून गेला. मच्छिंद्रनं हात धुतले. त्याच्या हातून बिनटिंबाचं यंत्र पहिल्यांदाच बाहेर पडलं होतं, आणि ते त्याला रस्त्याच्या वळणापर्यंत दिसत राहिलं. देवाच्या फोटोमागचा नावाचा कागद त्यानं काढला आणि त्या कागदानंच पंचावरचं तेल पुसलं.