डॉक्टरांनी लावून दिलेली सोबत

डॉक्टर बोधनकरांच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली एका माणसाचं नाव असे. भोपाळमधल्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या दवाखान्यात साखर नाहीतर रक्तदाब घेऊन त्यांच्याकडे गेलेला चाळिशीपुढचा कोणीही यातून सुटला नाही. नुसतं 'रोज फिरायला जा' सांगितलं तर माणूस दोन दिवस जातो आणि मग पांघरूण ओढून झोपतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते दुसऱ्या टोकाला राहणारा एखादा पेशंट गळ्यात बांधत. सकाळी त्याच्या घरी चालत जायचं, त्याला उठवायचं आणि बरोबर फिरायचं. प्रमोशनवरून अबोला धरलेल्या दोघांचीही त्यांनी अशी जोडी लावली होती. कोणी कुरकुरला तर म्हणत, "औषध कारखान्याचं, पाय तुमचे. थोडं तुम्हीही खर्च करा ना!"

मूळचे अमरावतीचे, पण उभी नोकरी भोपाळात झाल्यामुळे बोलता बोलता हिंदीत शिरायचे. पहिल्याच भेटीत माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "उमाठे, दिवसभर क्रेनच्या केबिनमध्ये बसता, घरी सोफ्यावर बसता. फिर चलता कौन है? स्कूटर?"

माझ्या चिठ्ठीवर शुक्लाजींचं नाव आलं. हिशेब खात्यातला हा अघळपघळ माणूस मला आधी नकोसा वाटला. पण "चालताना माणूस मोकळा होतो" असं डॉक्टर नेहमी म्हणत आणि ते खरंच होतं. हळूहळू माझी साखर उतरली, पँटी सैल झाल्या आणि घरात न बोललेल्या गोष्टी मी शुक्लाजींशी बोलू लागलो. अशी सोबत मिळवून दिली म्हणून दिवाळीला बायकोने डॉक्टरांकडे अनारशांचा डबा पाठवला.

एका सकाळी चालता चालता मला चक्कर आली. कुंपणाला धरून उभा राहिलो आणि शुक्लाजींना सांगून टाकलं की वर केबिनमध्येही दोनदा असं झालंय. "किसी से मत कहना." ते म्हणाले, "भाईसाहब, बात मेरे पेट में रहेगी." डॉक्टरांना मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. क्रेन गेली असती. शेडच्या छताखालून अवजड यंत्र उचलून खालच्या माणसाच्या इशाऱ्यावर अलगद जागेवर ठेवायचं, हे एकच काम मला देखणं जमत होतं.

पुढच्याच मेडिकलला डॉक्टरांनी शेरा मारला: उंचीवरच्या कामास अपात्र.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"शुक्लांनी. तुमच्यावर नजर ठेवायला मीच सांगितलं होतं त्यांना. पहिल्या दिवसापासून."

"मला विचारायचं होतं!"

"तुम्ही खोटं बोलला असता. और नीचे लोग काम करते हैं, उमाठे."

ते बरोबर होतं. आजही मी त्यात खोट काढू शकत नाही. पण मी ज्याला मैत्री समजत होतो, ती त्यांनी नेमलेली पाळत होती. केसाने गळा कापला माझा, आणि तोही माझ्याच भल्यासाठी! मला टूलरूममध्ये बसवलं. ज्यांनी 'बसू नका, बसू नका' म्हणून माझा जीव खाल्ला, त्यांनीच मला खुर्चीला खिळवलं.

डॉक्टर निवृत्त होऊन अमरावतीला निघाले, तेव्हा निरोप घ्यायला घरी आले. मी 'बसा' म्हटलं नाही. ते दारातूनच म्हणाले, "रागावून का होईना, फिरायला जाता ना?"

"जातो. एकटा."

"शाब्बास!" म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि खुशीत निघून गेले. 'एकटा' हा शब्द त्यांना ऐकूच गेला नसावा. नाडी अचूक ओळखणाऱ्या या माणसाला मी का दुखावलोय, हे कळू नये?

पुढे मीही निवृत्त होऊन भोपाळातच, बाग सेवनिया भागात घर बांधलं. परवा शुक्लाजी पत्ता शोधत तिथे आले. डॉक्टर गेल्याचं त्यांनी फाटकाबाहेरूनच सांगितलं. मी त्यांना आत बोलावलं नाही. घरात आलो आणि बायकोसमोर लहान मुलासारखा रडलो. तिला वाटलं, मी डॉक्टरांना माफ केलं. तसं काही नव्हतं. आपलं चुकलं म्हणायला डॉक्टर एक दिवस येतील, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.